चहा-कॉफी कमी करायचीय? कप सोडा, आधी मिलिग्रॅम मोजा (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

डॉक्टर "चहा जरा कमी करा" एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक मारतात. कमी म्हणजे किती, कधीचा, कसा, हे ना ते सांगत ना आपण विचारत, मग माणूस सोमवारी सकाळी तडकाफडकी चहा बंद करतो, संध्याकाळपर्यंत डोकं असं ठणकायला लागतं की मंगळवारी कालचा कोटा पण भरून काढतो आणि वर सगळ्यांना सांगत सुटतो की आपल्याला काय हे जमायचं नाही बुवा. जमतं. फक्त क्रमाने करावं लागतं. अभ्यासिकेत रात्री जागणारी पोरं, नाइट शिफ्टवाले, नुकतीच जिम लावलेले आणि घरातले "माझे काय दोनच कप असतात" म्हणणारे, सगळ्यांना धरून लिहितोय.

आधी एक सांगतो म्हणजे गैरसमज नको, चहा-कॉफीत तरतरी आणणारं जे द्रव्य असतं ते कॅफिन, मोजायचं तेच, आणि ते काही विष नाही. धडधाकट माणसाने दिवसाला दोन-तीन कप घेतले तर काही बिघडत नाही, उलट बेताने कॉफी पिणाऱ्यांत टाइप २ डायबेटिस आणि लिव्हरचे आजार कमी दिसतात असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. भानगड होते ती प्रमाण, वेळ आणि पिणारा कोण आहे या तीन गोष्टींत.

पायरी १: मोजा

कप मोजून काही कळत नाही, कारण कप म्हणजे काय ते प्रत्येक घरात वेगळं. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (आयसीएमआरची संस्था आहे ही) २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या त्यात आकडे दिलेत: १५० मिलीच्या कपात चहा असेल तर ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, आणि बिया दळून गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०.

आता चहाचा ३० ते ६५ हा पट्टा खूप मोठा आहे, म्हणून घरच्या चहासाठी चमच्यावरून हिशोब करा. आपली जी दाणेदार चहा पावडर असते तिच्या वजनात ढोबळमानाने ३ टक्के कॅफिन धरायचं, म्हणजे सपाट छोटा चमचा, साधारण २ ग्रॅम पावडर, त्यात ६० मिलिग्रॅमच्या आसपास आलं, आणि आपण चहा गाळायच्या आधी चांगला खळखळ उकळतो त्यामुळे त्यातलं बहुतेक सगळं भांड्यात उतरतं. मग सोप्पं आहे, भांड्यात किती चमचे टाकले आणि किती जणांत वाटला. दोन चमचे पावडर, तीन कप चहा, तर माणशी ४० धरा. तुमच्याकडे "कडक" म्हणून माणशी दीड चमचा पडत असेल तर एका कपात ९० गेलं, म्हणजे कॉफीच झाली ती. दूध जास्त घातलं, साखर घातली, आलं-वेलची घातली, यातल्या कशानेही कॅफिन कमी होत नाही. गाळणीतला चोथा परत उकळून केलेला दुसरा चहा मात्र कॅफिनच्या बाबतीत बराच हलका असतो, चवीचं काय ते तुम्ही बघा.

टपरीचं कटिंग २० ते ३० धरा. कॅफेतली कॉफी असेल तर एस्प्रेसोच्या एका शॉटला ६०-६५, आणि मोठ्या मगात बऱ्याचदा दोन शॉट असतात तेव्हा विचारून घ्या, लाजायचं काय त्यात. फिल्टर कॉफीची पावडर घेताना पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती एका मुळाची भाजलेली पूड) किती टक्के आहे ते बघा कारण चिकोरीत कॅफिन नसतंच, ३०-४० टक्के चिकोरीवाली पावडर आपोआप तेवढी हलकी पडते.

आता न दिसणारं. कोलाच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये ३०-३५. ग्रीन टी, जी वजन कमी करायची म्हणून दिवसाला चार-चार कप पितात लोक आणि ती मोजतच नाहीत, तिच्या कपाला पण २५-३० असतं. डार्क चॉकलेटमध्ये थोडं. एनर्जी ड्रिंकला एफएसएसएआयची (आपल्या केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) मर्यादा लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम अशी आहे, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५. आणि डोकेदुखीच्या काही गोळ्या. पॅरासिटामॉलबरोबर ५० मिलिग्रॅम कॅफिन असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात, मायग्रेनची एक जुन्या धाटणीची गोळी आहे तिच्यात तर १०० असतं. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, उजेडात धरून वाचा.

पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या कुठल्याही आयटीवाल्या पोराचा दिवस घ्या. सकाळी घरचे दोन कप, पन्नास-पन्नास. ऑफिसच्या मशीनची कॉफी तीनदा, १५०. संध्याकाळी गेटबाहेर दोन कटिंग, ५०. रात्री रिलीज आहे म्हणून एक एनर्जी ड्रिंक, ७५. झाले ३७५. आणि या पोराला विचारलं तर तो म्हणणार मी चहा दोनच कप पितो, ते पण सकाळी.

तीन दिवस असं मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा, वेळेसकट. त्यातला एक सुट्टीचा दिवस असू द्या. या तीन दिवसांत कमी-जास्त काहीही करायचं नाही, नुसतं लिहायचं.

पायरी २: तुमची मर्यादा ठरवा

पोषण संस्था म्हणते दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर नको. अमेरिकेचं एफडीए (तिथलं अन्न-औषध खातं) आणि युरोपची अन्नसुरक्षा संस्था ४०० म्हणतात, निरोगी मोठ्या माणसासाठी, आणि युरोपवाल्यांनी २०१५ मध्ये हेही सांगितलंय की एका बैठकीत २०० च्या वर जाऊ नका. मी स्वतः ३०० धरतो, कारण आपली मापं ढोबळ आहेत, चमचा कधी शिगोशीग भरतो कधी अर्धा, तेव्हा हातात थोडी जागा असलेली बरी.

दिवस असलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी २०० आणि त्याच्या आत जितकं कमी तितकं चांगलं, कारण कॅफिन वारेतून थेट बाळाकडे जातं आणि त्याला ते शरीराबाहेर टाकता येत नाही. तिथे आपल्या गायनॅकने सांगितलेलं अंतिम. मुलांसाठी युरोपचा हिशोब किलोमागे ३ मिलिग्रॅम असा आहे, म्हणजे ३० किलोच्या पोराला दिवसाचे ९०, आणि एनर्जी ड्रिंकच्या एका बाटलीतच ७५ गेले. खरं तर लहान मुलांना त्याची गरजच नाही. बाटलीवर स्वच्छ लिहिलेलं असतं की मुलं, गरोदर आणि स्तनदा स्त्रियांसाठी नाही, दिवसाला ५०० मिलीच्या वर नाही, पण ती बाटली शाळेसमोरच्या दुकानात वीस रुपयांना मिळते तर वाचतंय कोण. शाळांपासून ५०० मीटरच्या आत ही विक्री बंद करणार असं आपल्या सरकारने जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत सांगितलं होतं. तुमच्या शाळेजवळ काय चाललंय ते तुम्हीच एकदा जाऊन बघा.

पायरी ३: तुमचं नाव या यादीत आहे का

ही पायरी लोक गाळतात आणि खरी गंमत इथेच आहे.

थायरॉइडची गोळी घेणारे. सकाळी उठलं, गोळी तोंडात टाकली, वरून गरम चहाचा घोट. हे इतक्या घरांत चालतं की विचारू नका. चहा-कॉफीबरोबर ती गोळी नीट शोषलीच जात नाही, मग टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) काही खाली येईना म्हणून डॉक्टर डोस वाढवतात आणि गोळी बिचारी चहात वाया जात असते. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहाला किमान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबायचं. तेवढ्या वेळात आंघोळ होते. फक्त एक, आजवर चहाबरोबरच घेत असाल आणि आता बदलणार असाल तर डॉक्टरांना सांगा, डोस परत बघावा लागेल.

हिमोग्लोबिन कमी असलेले, त्यातही बायका. कांदेपोह्यांवर आपण लिंबू पिळतो, लिंबातल्या सी व्हिटॅमिनने लोह अंगी लागायला मदत होते, इथपर्यंत सगळं छान, आणि शेजारी कपभर चहा ठेवतो. चहातलं टॅनिन त्या लोहाला धरून बसतं, जेवणाबरोबर चहा घेतला तर भाज्या-कडधान्यांतलं लोह निम्म्याहून कमी शोषलं जाऊ शकतं. पोषण संस्थेचं म्हणणं आहे की खाण्याच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको. हा दोष कॅफिनचा नाहीये, टॅनिनसारख्या द्रव्यांचा आहे, त्यामुळे डिकॅफ (कॅफिन काढून टाकलेली कॉफी) घेऊन इथे काही फायदा नाही, वेळच बदलावी लागते. लोहाच्या गोळीलाही तेच लागू.

बीपीवाले. २०० ते ३०० मिलिग्रॅम एकदम घेतलं की बीपी असलेल्या माणसाचा वरचा आकडा सरासरी ८ ने आणि खालचा ६ ने वाढतो, आणि तीनेक तास तसाच राहू शकतो. रोज पिणाऱ्याचं शरीर सरावतं हे खरं, तरी बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी नको, नाहीतर चुकीच्या आकड्यावर गोळी वाढायची. छातीत धडधड होणारे, ठोके चुकतात असं वाटणारे, घाबरेघुबरे होणारे, पॅनिक अटॅक येणारे, यांनी तर आधी कॅफिन उतरवून बघावं. हात थरथरणं, बेचैनी, छातीत धडधड, झोप नाही, ही अँग्झायटीची लक्षणं आणि जास्त कॅफिनची लक्षणं कागदावर सारखीच दिसतात.

पित्तवाल्यांना काय सांगायचं, त्यांना माहीत असतं तरी रिकाम्या पोटी घेतात. कॅफिनने पोटात आम्ल वाढतं, अन्ननलिकेच्या टोकाची झडप सैल पडते, मग जळजळ.

औषधं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असताना कॅफिन शरीरातून फार हळू बाहेर पडतं, तेवढे दिवस चहा निम्मा करा. दम्यासाठी थिओफिलिन घेणारे, डिप्रेशन किंवा ओसीडीसाठी फ्लुवोक्झामिन घेणारे, यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये कॅफिन जवळजवळ दुप्पट वेळ अंगात राहतं. कॅफिनने हाडं कमजोर होतील का म्हणाल तर दूध-दही-नाचणी व्यवस्थित असेल तर फार डोक्याला ताप नको.

आणि सिगारेट. हे फार कमी लोकांना माहीत आहे. सिगारेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफिन भराभर संपवतं, म्हणून सुट्टा मारणाऱ्याला आठ चहा पचतात. त्याने सिगारेट सोडली की तेच आठ चहा अंगात साठायला लागतात, धडधड होते, चिडचिड होते, रात्री झोप लागत नाही आणि तो समजतो की हे सगळं सिगारेट सोडल्यामुळे, मग परत पेटवतो. सिगारेट सोडताय ना, त्याच दिवशी चहा निम्म्यावर आणा. (चहा-सुट्टा जोडीनेच घ्यायची सवय असेल तर तसंही ते सोयीचं पडतं.)

पायरी ४: शेवटचा कप मागे ओढा

दिवसभर जागं असताना मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्याने झोप यायला लागते. कॅफिन काय करतं, त्या अ‍ॅडिनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं, बसमध्ये रुमाल टाकून सीट अडवावी तसं. थकवा कुठे गेलेला नसतो, तो दारात उभा असतो. कॅफिन उतरलं की सगळा एकदम आत शिरतो, दुपारी चारला जो माणूस मान टाकतो तो यामुळे.

आणि हे उतरायला वेळ लागतो. मोठ्या माणसात अंगातलं कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास, कोणाला दोन-अडीच, कोणाला नऊ पण लागतात, गरोदरपणाच्या शेवटी तर पंधराच्या आसपास. संध्याकाळी पाचला फिल्टर कॉफीचे १०० मिलिग्रॅम घेतले तर रात्री दहाला ५० आणि पहाटे तीनला २५ शिल्लक. "मला काही होत नाही, मी कॉफी पिऊन पण झोपतो" असं म्हणणारे भरपूर भेटतात, त्यांना झोप लागते यात वाद नाही, पण ती उथळ लागते. २०१३ च्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम दिलं तरी लोकांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती.

म्हणून अकराला झोपणाऱ्याने दुपारी दोन-तीननंतर चहा-कॉफी घ्यायची नाही, एवढा एक नियम. नाइट शिफ्ट असेल तर घड्याळ उलटं लावा, शिफ्टच्या पहिल्या निम्म्यात काय घ्यायचं ते घ्या, नंतर बंद, नाहीतर सकाळी घरी येऊन पडदे लावून नुसते पडून राहाल.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीची पोरं रात्री बारा-साडेबाराला चहा मारून पुन्हा पुस्तक उघडतात. वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायचं काम झोपेतच होतं रे बाबांनो. तो चहा संध्याकाळी चारला प्या आणि बाराला झोपा, तेवढीच पानं सकाळी निम्म्या वेळात होतील.

पायरी ५: हळूहळू उतरवा

रोज पिणाऱ्याने एकदम बंद केलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, आणि सगळं मिळून दोन ते नऊ दिवस चालू शकतं. सोबत मरगळ, चिडचिड, कामात लक्ष न लागणं, कोणाला मळमळ. कॅफिनने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या असतात, ते काढून घेतलं की त्या फुगतात. हे मनाचे खेळ नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन डीएसएमच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत याची अधिकृत नोंद आहे. हरतालिकेला कडक निर्जळी उपास करणाऱ्या बायकांचं संध्याकाळी जे डोकं उठतं त्यात उपाशीपण आणि पाणी नसणं तर आहेच, पण रोजचा चहा चुकलेला असतो हे पण एक मोठं कारण. पुढच्या वर्षी आठ-दहा दिवस आधीपासून चहा कमी करत न्या, फरक पडेल.

उतरवायची पद्धत अशी: दर तीन-चार दिवसांनी ४०-५० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण एक कप कमी. सुरुवात दिवसाच्या शेवटच्या कपापासून करायची, सकाळच्या पहिल्या कपाला हात लावायचाच नाही, तोच सगळ्यात प्रिय असतो आणि तोच काढायला गेलं की बेत फसतो. ३७५ वाला तो हिंजवडीचा पोरगा आधी एनर्जी ड्रिंक काढेल, चार दिवसांनी एक कटिंग, मग दुसरं, मग मशीनची एक कॉफी, अडीच आठवड्यांत २०० वर येतो आणि डोकं फारसं दुखतही नाही.

घरात पावडर हळूच कमी करा. माणशी एक चमच्याचा पाऊण करा, आलं आणि गवती चहा वाढवा, कोणाच्या लक्षात येत नाही (सासरेबुवांच्या येईल, त्यांना वेगळा करून द्या). संध्याकाळी हातात काहीतरी गरम हवंच असतं तेव्हा चहा पावडर न घालता नुसती गवती चहा, आलं, पुदिना उकळून घ्या, यात कॅफिन शून्य. उन्हाळ्यात कोकम सरबत, ताक. कॉफीची चव हवी असेल तर डिकॅफमध्ये कपाला २ ते ५ मिलिग्रॅमच असतं.

डोकं दुखलंच तर गोळी घ्या, पण साधी पॅरासिटामॉल, कॅफिनवाली नको, नाहीतर दारातून घालवलेलं खिडकीतून आत.

आणि पाहुणचार. कोणाकडे गेलं की नको म्हटलं तरी चहा टाकतातच आणि सरळ नाही म्हटलं तर "आमच्याकडचा चालत नाही वाटतं". कारणं देत बसू नका. "डॉक्टरांनी बंद केलाय" म्हणा, या वाक्यापुढे महाराष्ट्रात कोणी आग्रह करत नाही. किंवा बशीभर घ्या आणि वहीत १५ लिहा.

पायरी ६: पावडर आणि गोळ्यांपासून लांब

वर जे सगळं लिहिलंय ते चहा-कॉफीचं, तिथे जास्त झालं तरी पोट आणि झोप आधी ओरडतात, माणूस थांबतो. पावडर आणि गोळ्यांत तसा ब्रेक नाही. जिममध्ये मिळणाऱ्या प्री-वर्कआउटच्या (व्यायामाआधी घ्यायची पावडर) एका स्कूपमध्ये बऱ्याचदा १५० ते ३०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दिवसाचा सगळा कोटा एका घोटात, आणि काही पोरं तो स्कूप पाण्याशिवाय तसाच कोरडा तोंडात टाकतात व्हिडिओसाठी. ऑनलाइन २०० मिलिग्रॅमच्या कॅफिनच्या गोळ्याही मिळतात. सगळ्यात घातक म्हणजे शुद्ध कॅफिनची पावडर, अमेरिकेत २०१४ मध्ये तरुण पोरांचे मृत्यू झाल्यावर एफडीएने इशारा दिला होता की तिचा एक छोटा चमचा म्हणजे जवळपास २८ कप कॉफी. कमी वेळात १२०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेलं तरी फिट येऊ शकते. हे घरात ठेवूच नका. प्री-वर्कआउट घ्यायचंच असेल तर डब्यावर कॅफिनचा आकडा लिहिलेला नसेल तो डबा घेऊ नका, आणि त्या दिवशी चहा-कॉफी बंद.

दारूत एनर्जी ड्रिंक मिसळणं हाही तसलाच प्रकार. दारू चढलेली असते पण झोप येत नाही, म्हणून माणसाला वाटतं आपण ठीक आहोत, आणखी पितो आणि गाडीची किल्ली उचलतो.

खूप जास्त झाल्याची खूण: छातीत जोरात किंवा वेडंवाकडं धडधडणं, सारखी उलटी, हात-पाय थरथरणं, बडबड-गोंधळ, छातीत दुखणं, फिट. यातलं काही दिसलं की लिंबूपाणी, ताक, झोपवून ठेवणं असले प्रयोग नकोत, १०८ ला फोन करा. काय घेतलं, किती, किती वाजता, हे सांगायला तयार राहा आणि तो डबा, स्ट्रिप किंवा रिकामी बाटली जे काही असेल ते उचलून दवाखान्यात बरोबर न्या.